वापरकर्त्याचा कैवारी

मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर होण्यासाठी मुलाखतींची तयारी करणारा उमेदवार हा गेल्या दहा-पंधरा वर्षांत नावारूपाला आलेला सामाजिक नमुना असून बंगळूर आणि हैदराबाद ही त्याची मुख्य क्षेत्रे असली, तरी पुण्याच्या बाणेर, खराडी आणि हिंजवडी या भागांतही तो विपुल आढळतो. त्याचे वय सामान्यतः अठ्ठावीस ते चौतीस असते, शिक्षण अभियांत्रिकीचे आणि त्यावर बहुधा व्यवस्थापनाचे झालेले असते, हातची नोकरी बरी असते, फ्लॅटचा हप्ता वेळेवर जात असतो, आणि एवढे सगळे जागच्या जागी असूनही रात्रीची जेवणे आटोपली की तो खोलीचे दार लावून घेतो, लॅपटॉपच्या पडद्यावर गुरुग्राममधल्या एका अनोळखी समदुःखी माणसाला गाठतो आणि अंध व्यक्तीसाठी गजराचे घड्याळ कसे असावे, या विषयावर पाऊण तास आपले म्हणणे मांडतो. पाऊण तासाने दोघे भूमिका बदलतात. या प्रकाराला त्या वर्तुळात ‘मॉक’ म्हणतात, म्हणजे मुलाखतीची रंगीत तालीम. घरच्यांना मात्र बंद दाराआडून केवळ घड्याळ, अंध आणि महसूल एवढेच शब्द ऐकू येत असल्याने त्यांनी काळजी करणे सोडून देऊन आता सवय करून घेतलेली असते. प्रस्तुत विवेचनात उमेदवाराचा उल्लेख पुल्लिंगी केला आहे, तो व्याकरणाच्या सोयीसाठी. स्त्री-उमेदवारांतही हीच लक्षणे आढळतात, फरक इतकाच की तेच वाक्य तितक्याच ठामपणे उच्चारल्यास पुरुषाच्या नावापुढे ‘नेतृत्वगुण’ आणि स्त्रीच्या नावापुढे ‘थोडी आक्रमक’ अशी नोंद होण्याचा संभव असतो.

तो ज्या पदासाठी झुरतो ते पद नेमके काय आहे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे, कारण त्याच्या कुटुंबात ते अद्याप कोणालाही स्पष्ट झालेले नाही. सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रॅम लिहिणारे अभियंते असतात, पडद्याचे रूप ठरवणारे डिझायनर असतात, माल खपवणारी विक्रीची माणसे असतात. प्रॉडक्ट मॅनेजर यांपैकी काहीच करत नाही, तर काय बनवायचे, कोणासाठी बनवायचे आणि त्यातले आधी काय बनवायचे, हे ठरवून वरील सर्वांना त्या निर्णयापाशी एकत्र आणणे हे त्याचे काम असते. यातली मेख अशी की त्या सर्वांपैकी बहुधा एकही जण त्याच्या हाताखाली नसतो, त्यांच्या रजा आणि पगारवाढी दुसऱ्याच कोणाच्या सहीने होतात, आणि म्हणून जबाबदारी सगळी व अधिकार शून्य अशा अवस्थेत केवळ समजूत, आर्जव आणि तक्ते यांच्या बळावर त्याला कामे करवून घ्यावी लागतात. या अवस्थेला त्या क्षेत्रात ‘अधिकाराविना प्रभाव’ असे भारदस्त नाव आहे. ‘मॅनेजर म्हणतोस, मग हाताखाली माणसं किती?’ या आईच्या प्रश्नाला ‘एकही नाही’ हेच प्रामाणिक उत्तर असल्यामुळे तो विषय बदलतो.

तो अविवाहित असेल, तर स्थळे सुचवणाऱ्या मावशी त्याचा बायोडाटा वाचून ‘प्रॉडक्ट म्हणजे साबण-बिबण का रे?’ असे विचारतात, तेव्हा तो कसनुसा हसतो. वस्तुतः त्या प्रसंगी हसण्याचा अधिकार मावशींचा असतो. १९३१ च्या मे महिन्यात प्रॉक्टर अँड गँबल या अमेरिकी कंपनीतील नील मॅकएलरॉय या तरुण कर्मचाऱ्याने, आपल्याकडे सोपवलेला ‘कॅमे’ साबण कंपनीच्याच ‘आयव्हरी’ साबणापुढे मागे पडतो आहे हे पाहून वरिष्ठांना एक टिपण लिहिले आणि प्रत्येक मालामागे त्याचीच अहोरात्र काळजी वाहणारा एक स्वतंत्र माणूस असावा, असे सुचवले. प्रॉडक्ट मॅनेजर या कल्पनेचा उगम सामान्यतः याच टिपणात शोधला जातो. हेच मॅकएलरॉय पुढे त्या कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १९५७ ते १९५९ या काळात अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते, तेव्हा साबणापासून निघालेली वाट कुठवर जाते, हे उमेदवाराने मावशींना अभिमानाने सांगायला हरकत नव्हती. परंतु हा इतिहास मुलाखतीत विचारत नसल्यामुळे त्याने तो वाचलेला नसतो.

अशा पदासाठी परीक्षा कशी घ्यावी, हा पेच कंपन्यांपुढेही होताच. अभियंत्याला प्रोग्रॅम लिहायला लावता येतो आणि हिशेबनिसाला ताळेबंद दाखवता येतो; परंतु ज्याची मुख्य विद्या तारतम्य हीच आहे, त्याचे तारतम्य पाऊण तासात कसे मोजावे? मायक्रोसॉफ्टमध्ये एके काळी मॅनहोलची झाकणे गोल का असतात, असे विचारत, आणि शाळेच्या बसमध्ये गोल्फचे किती चेंडू मावतील, हा प्रश्न गूगलच्या नावावर प्रसिद्ध होता. अखेर २०१३ मध्ये गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ-प्रमुख लाझ्लो बॉक यांनीच जाहीर केले की अशी कोडी म्हणजे वेळेचा अपव्यय असून विचारणाऱ्याला स्वतः हुशार असल्याचा भास होण्यापलीकडे त्यांतून फारसे काही निष्पन्न होत नाही. त्याच साली उमेदवारांच्या दृष्टीने याहून मोठी घटना घडली, ती म्हणजे गेल लाकमन मॅकडॉवेल व जॅकी बव्हारो यांचे ‘क्रॅकिंग द पीएम इंटरव्ह्यू’ आणि लुइस लिन यांचे ‘डिकोड अँड कॉन्कर’ ही दोन पुस्तके बाजारात आली आणि तारतम्याला गाइड मिळाले. लिन यांनी ‘सर्कल्स’ नावाची सात टप्प्यांची पद्धत सांगितली: परिस्थिती समजून घ्यावी, ग्राहक निश्चित करावा, त्याच्या गरजा सांगाव्यात, त्यांचा अग्रक्रम लावावा, उपाय मांडावेत, त्यांचे गुणदोष तोलावेत आणि शेवटी शिफारस करावी. उत्तराच्या अशा ठरीव साच्याला ‘फ्रेमवर्क’ म्हणतात, आणि उमेदवाराच्या मनात या सप्तपदीचे स्थान लग्नातल्या सप्तपदीच्या किंचित वरचे असते, कारण ती त्याला गुरुजींनी चालवली होती, ही त्याला स्वतःला पाठ आहे.

या पाठांतराचे प्रात्यक्षिक पाहायचे, तर अंधांच्या घड्याळाचाच प्रश्न घ्यावा, कारण तो या क्षेत्रातला जुना आणि बहुपरिचित प्रश्न आहे. प्रश्न कानी पडताच उत्तर देणे हे उतावळेपणाचे लक्षण मानले जात असल्याने उमेदवार प्रथम विचारासाठी अर्धा मिनिट मागून घेतो, त्या अर्ध्या मिनिटात आठवड्यापूर्वीच झालेला विचार वहीवर पुन्हा उतरवतो, आणि मग ‘सुरुवातीला दोन-तीन शंका विचारू का?’ असे विनयाने म्हणतो. अंध म्हणजे जन्मांध की नंतर दृष्टी गेलेले, घड्याळ घरी वापरायचे की प्रवासात, कंपनीचा हेतू नफा की विस्तार, अशी विचारपूस झाल्यावर तो अंधांचे तीन गट पाडतो, त्यांतला एक निवडतो आणि त्या गटाची प्रतिनिधी म्हणून एक काल्पनिक व्यक्ती उभी करतो, जिला ‘पर्सोना’ म्हणतात आणि जी बहुधा बत्तीस वर्षांची, कॅलिफोर्नियात राहणारी सारा नावाची बाई असते, कारण सरावाची नमुना-उत्तरे तिकडूनच आलेली असतात. साराची व्यथा तो अशा कळवळ्याने सांगतो की ऐकणाऱ्याने डोळे पुसावेत. मग गादीखाली थरथरणारी पट्टी, बोटात घालायचा गजर आणि ठरल्या वेळी कॉफीचा वास सोडणारे यंत्र असे तीन उपाय येतात, ज्यांपैकी एक ‘मूनशॉट’, म्हणजे करायला अशक्य पण बोलायला भव्य, असावाच लागतो. या सगळ्या धांदलीत एक साधी बाब हमखास निसटते, ती ही की गजर कानांनी ऐकायचा असतो आणि त्यासाठी डोळे लागत नाहीत. अडचण असलीच तर ती गजर लावण्याची आणि तो नीट लागला की नाही हे कळण्याची असते, आणि तीही २००९ पासून सुटत आलेली आहे, कारण त्या वर्षी आयफोनवर ‘व्हॉइसओव्हर’, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय, आली आणि अँड्रॉइडवर तिचेच भावंड असलेले ‘टॉकबॅक’ही आले. अंध माणूस आज फोनला सांगून गजर लावतो आणि निवांत झोपी जातो. जागा राहतो तो उमेदवार.

मुलाखतीतल्या प्रश्नांचा दुसरा प्रकार अंदाजाचा असून त्याचे कुलदैवत एन्रिको फर्मी हा भौतिकशास्त्रज्ञ आहे, ज्याने १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुस्फोटाच्या वेळी हातातून कागदाचे कपटे सोडून, ते स्फोटाच्या झोताने किती दूर उडाले यावरून स्फोटाची शक्ती दहा हजार टन टीएनटीएवढी असावी, असा अंदाज बांधला. पुढे मोजणीत ती सुमारे दुप्पट भरली, आणि तेव्हापासून दुपटीची चूक ही चूक धरू नये, असा संकेत रूढ झाला असावा. उमेदवाराला अणुस्फोटाऐवजी पुण्यात रोज किती वडापाव खपतात, हे विचारले जाते. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ३१ लाख होती, हे तो जाणून असतो. मग त्यानंतरची वाढ आणि पिंपरी-चिंचवड धरायचे की नाही, यावर मुलाखतकाराशी तह होऊन ‘हिशेबाच्या सोयीसाठी’ ५० लाख हा आकडा मुक्रर होतो. यांतले निम्मे लोक तळलेले टाळतात असे धरले जाते, उरलेल्या २५ लाखांपैकी दहात एक माणूस रोज वडापाव खातो आणि एकावर कोणी थांबत नाही म्हणून दोन खातो, एकूण ५ लाख. त्यानंतर ‘सॅनिटी चेक’ नावाचा विधी होतो, म्हणजे आलेले उत्तर अगदीच वेडगळ नाही ना, याची दुसऱ्या बाजूने पडताळणी केली जाते: एका गाडीवर दिवसाला ५०० वडे जातात असे मानल्यास १००० गाड्या लागतील, आणि हजार हा आकडा गोल असल्यामुळे तो दोघांनाही पटतो. खरा आकडा मुलाखतकारालाही माहीत नसतो, त्यामुळे मतभेदाला जागाच उरत नाही. कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याला विचारले असते, तर पाऊस लागला की किती वडे जास्त जातात आणि एकादशीला किती कमी, हे त्याने पहिला घाणा निघायच्या आत सांगितले असते. परंतु गाडीवाल्याला विचारणे हा या परीक्षेत कॉपीचा प्रकार ठरेल.

तिसरा प्रकार घसरलेल्या आकड्याचा. एखाद्या ॲपवर लोक घालवत असलेला वेळ काल अचानक दहा टक्क्यांनी घटला, तर कारण कसे शोधाल, असे विचारल्यावर उमेदवाराने घट एकदम झाली की हळूहळू, सर्व देशांत की एकाच, सर्व फोनांवर की ठरावीक, मोजणाऱ्या यंत्रणेतच बिघाड नाही ना, कुठे सण किंवा सामना होता का, अशा क्रमाने एकेक शक्यता गाळत मूळ कारणापर्यंत जायचे असते. मुलाखतीच्या सगळ्या प्रकारांत प्रत्यक्ष कामाशी सर्वाधिक नाते असलेला प्रकार हाच, आणि दुर्दैवाने घरात शिरणाराही हाच. विजेचे बिल वाढले आणि वडील ‘गीझर चालू राहत होता’ एवढेच म्हणाले, तर ‘हे गृहीतक झालं, बाबा, आधी खोल्यांप्रमाणे विभागणी करू’ असे सांगून तो वही उघडतो, आणि तासाभराने गीझरपाशीच पोहोचतो. भाजी आणायला पाठवल्यावर ‘यात यशाचा निकष काय धरायचा?’ असे त्याने विचारले, तेव्हा पत्नीने ‘वेळेत घरी येणे’ हा निकष दिल्याची उदाहरणे आहेत.

चौथा प्रकार वर्तनाचा, आणि मराठी घरात वाढलेल्या उमेदवाराची खरी कसोटी इथे लागते. ॲमेझॉनने आपल्या कारभाराची नेतृत्वतत्त्वे लेखी ठरवून दिली असून २०२१ पर्यंत ती चौदा होती, मग दोनांची भर पडून सोळा झाली, आणि तत्त्वागणिक पूर्वायुष्यातला एक तरी दाखला तयार ठेवावा लागत असल्याने त्या वर्षी ऐन तयारीत असलेल्या उमेदवारांना आपल्या आयुष्यात आणखी दोन प्रसंग शोधावे लागले. दाखला सांगण्याचीही ‘स्टार’ नावाची पद्धत आहे, ज्यात परिस्थिती, सोपवलेले काम, केलेली कृती आणि मिळालेले फलित या क्रमाने बोलायचे असते आणि फलितात टक्केवारी यावीच लागते. सामान्य माणसाजवळ इतके पराक्रम नसल्यामुळे उमेदवार पैसे भरण्याच्या पानावरील एका बटणाची जागा बदलल्याचा एकच प्रसंग घेतो आणि तो कधी नेतृत्व म्हणून, कधी सहकाऱ्याशी झालेला मतभेद म्हणून, तर कधी आयुष्यातले सर्वांत मोठे अपयश म्हणून सादर करतो. या शेवटच्या सादरीकरणात अपयश अशा बेताने सांगावे लागते की ते ऐकून कोणालाही हेवा वाटावा. मुख्य अडचण मात्र ‘मी’ची असते. स्वतःची टिमकी स्वतः वाजवू नये, या शिकवणीत वाढलेला हा माणूस स्वभावतः ‘आम्ही केले’, ‘झाले’, ‘जमून आले’ असे बोलतो, आणि मुलाखतकार प्रत्येक वाक्याला ‘यात तुम्ही स्वतः काय केले?’ असे विचारून त्याला त्या सभ्यतेतून बाहेर ओढतो; काही महिन्यांच्या सरावाने तो इतका बाहेर येतो की पुढे घरच्या गणपतीची आरासही त्याने एकट्याने केलेली असते.

मुलाखत घेणारी व्यक्तीही दुर्लक्षिण्याजोगी नाही, कारण ती म्हणजे पूर्वीचा उमेदवारच असते, तीच दोन पुस्तके वाचून त्याच दारातून आत आलेली, आणि त्यामुळे समोरच्याने सातपैकी कितवे पाऊल गाळले, हे तिला तत्काळ कळते. ती संपूर्ण वेळ टंकलेखन करत असते आणि मान हलवते, पण ती कशासाठी हलली, याचा अर्थ लावण्यात उमेदवाराच्या पुढच्या दोन रात्री जातात. अशा चार-पाच फेऱ्या झाल्यावर निर्णय घेणारी माणसे पुन्हा वेगळीच असतात: ॲमेझॉनमध्ये ‘बार रेझर’ म्हणून दुसऱ्या विभागातला एक तटस्थ मुलाखतकार बसवला जातो आणि त्याचा नकार बहुधा निर्णायक ठरतो, तर गूगलमध्ये उमेदवाराला कधीही न पाहिलेली समिती इतरांच्या टिपणांवरून त्याचे भवितव्य ठरवत आलेली आहे. याच ॲमेझॉनविषयी असे सांगितले जाते की तिचे संस्थापक जेफ बेझोस सुरुवातीच्या काळात बैठकीत एक खुर्ची रिकामी ठेवून, इथे ग्राहक बसला आहे असे समजा, म्हणून बजावत असत. मुलाखतींच्या पद्धतीने त्या परंपरेचा पुढचा टप्पा गाठला आहे: तिथे ग्राहकाची खुर्चीही नसते.

निकाल दोन प्रकारचा असतो. नकार आल्यास त्याचे कारण सहसा सांगत नाहीत आणि पुन्हा अर्ज करण्याआधी काही महिने, कुठे वर्षभरही, थांबावे लागते. या सक्तीच्या विश्रांतीत उमेदवार आत्मपरीक्षण करतो, त्यातून आपल्यात नव्हे तर आपल्या फ्रेमवर्कमध्ये दोष होता, असा निष्कर्ष काढतो आणि नवे फ्रेमवर्क शिकतो. होकार आल्यास आधीच्या कंपनीतला नोटीस पीरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर थांबण्याची मुदत, जी आपल्याकडे पुष्कळदा नव्वद दिवसांची असते, ती उभयपक्षी अबोल्यात काढून तो बंगळूरला रुजू होतो. तिथे त्याला कोणी घड्याळ बनवायला सांगत नाही. वर्षाचा आराखडा वरून ठरून आलेला असतो, अभियंते दुसऱ्या कामात गुंतलेले असतात, आणि दिवसाच्या आठ बैठकांत ‘हे पुढच्या तिमाहीत घेऊ’ हे वाक्य किती स्वरांत म्हणता येते, एवढेच कौशल्य कामी येते. तरीही अनिश्चित विषयावर निश्चित स्वरात आणि क्रमाने बोलण्याची जी सवय मुलाखतींनी लावलेली असते, ती या बैठकांत उपयोगी पडते, म्हणून ही परीक्षा अगदीच निरर्थक आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती नोकरीची परीक्षा घेतेच, फक्त कामाची घेत नाही.

या उमेदवाराला हसणे सोपे आहे, परंतु दोष त्याचा नाही. बाजारात ज्याला भाव आहे ते त्याने शिकून घेतले, आणि ज्या व्यवस्थेने त्याला शिकवले तिने वापरकर्त्याविषयी कळवळा दाखवण्याचे गुण ठेवले, वापरकर्त्याला भेटण्याचे ठेवले नाहीत. त्यामुळे वर्षभर वापरकर्त्याच्या नावाने बोलणारा हा कैवारी त्या वर्षात रिक्रूटर, मुलाखतकार, मार्गदर्शक आणि गुरुग्रामचा जोडीदार या सर्वांशी बोलतो, एका वापरकर्त्याशी तेवढे बोलत नाही. तेव्हा ज्या वाचकांच्या घरात असा उमेदवार असेल, त्यांनी त्याला आठवड्यातून एक रात्र मॉकमधून सोडवावे आणि बँकेच्या ॲपवरून विजेचे बिल भरण्याचा प्रयत्न करणाऱ्या वडिलांशेजारी नुसते बसवावे, अट एकच, की त्यांनी चुकीचे बटण दाबले तरी त्याने तोंड उघडायचे नाही. याने नोकरी मिळेलच असे नाही, पण ज्यासाठी ती नोकरी निर्माण झाली ते काम त्याला येऊ लागेल.